निर्माल्य कोणाच्या हाती द्यावे?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणराय मखरात विराजमान झाले की घरातील सकाळ निराळीच होते. पहाटेपासून दूर्वा निवडण्याचे काम चालते, एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधल्या जातात, जास्वंद, शमी, केवडा आणि पत्रींनी तबक भरते, आणि आरतीनंतरचा धूपकापराचा दरवळ दुपारपर्यंत घरात रेंगाळत राहतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कालची पूजा उतरवावी लागते. त्या घटकेस त्या फुलांचे काय होते? देवाला एकदा वाहिलेले फूल पुन्हा वाहता येत नाही. आणि ते केराच्या टोपलीत टाकण्यास कोणाही भाविकाचा हात धजावत नाही. ह्या मधल्या अवस्थेला आपल्या पूर्वजांनी एक स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे निर्माल्य.

निर्माल्य ओलांडू नये, ते पायदळी येऊ देऊ नये, ते वाहत्या पाण्यात सोडावे किंवा झाडाच्या मुळाशी घालावे, असा घरोघरीचा दंडक. आमच्या लहानपणी उत्सवाच्या दिवसांत आमचे वडील सकाळी वेताची परडी घेऊन ओंकारेश्वराच्या घाटावर जात, आणि आम्ही त्यांचे बोट धरून मागे. परडी पाण्यात उपडी केली की झेंडूच्या पाकळ्या क्षणभर वर तरंगत आणि मग प्रवाहाबरोबर पुलाकडे निघून जात. त्या कोठे जात, हा प्रश्न आम्ही एकदा विचारला होता. "समुद्राला," असे वडिलांनी उत्तर दिले. मुठेचे पाणी मुळेला, मुळा-मुठेचे भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि कृष्णेचे समुद्राला मिळते, हे पुढे भूगोलाच्या पुस्तकात वाचले तेव्हा वडिलांचा शब्द खरा ठरल्याचा आम्हांस मोठा आनंद झाला.

वाहते पाणी कोठे उरले?

आज ती परडी घेऊन घाटावर उभे राहिले तर वडिलांचे ते उत्तर आम्हांला आमच्या नातवाला देता येणार नाही. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातच झाले. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यावर जो प्रलय कोसळला, त्याची आठवण सांगणारी माणसे अजून पेठांतून आहेत. ती धरणे पुन्हा उभी राहिली, वरसगाव आणि टेमघर यांची भर पडली, आणि वाढत्या शहराची तहान भागविण्यासाठी मुठेचे पाणी वरच्या वर अडवले जाऊ लागले. पावसाळ्यात धरणे भरली की दरवाजे उघडतात आणि मुठा दुथडी वाहते. एरवी पात्रात जे दिसते ते बव्हंशी आपणच नळावाटे घेतलेले आणि मोरीवाटे सोडलेले पाणी. सांडपाणी शुद्ध करण्याची मोठी योजना जपानच्या अर्थसाहाय्याने २०१६ साली मंजूर झाली. तिची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, येथे नको.

सांगावयाचे ते इतकेच की, 'वाहत्या पाण्यात सोडावे' ह्या आज्ञेतील 'वाहत्या' हा शब्द आपण विसरलो आणि 'सोडावे' तेवढे लक्षात ठेवले. त्यात प्लास्टिकच्या पिशवीची भर पडली. परडी उपडी केली तर फुले तरी मोकळी होत. पिशवीला गाठ मारून ती पुलावरून फेकली की आत फुले कुजतात आणि पिशवी कोठल्या तरी झुडपाला अडकून वर्षभर लोंबत राहते. शेवटी पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवाव्या लागल्या. श्रद्धेने आणलेली फुले नदीला मिळू नयेत म्हणून जाळी लावावी लागणे हे दृश्य आम्हांला नेहमीच खंत देते. जाळीच्या वरून पिशवी भिरकावणारे नेमबाजही ह्याच शहरात आहेत, हेही खेदाने नमूद करावे लागते.

आणि तरीही ह्याच शहरात, विसर्जनाच्या दिवशी, हजारो कुटुंबे घाटाच्या पायऱ्यांवर थांबतात, हातातील निर्माल्य उघडतात आणि तेथे उभ्या असलेल्या बायांच्या हाती सोपवतात. त्या बाया 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेच्या सभासद असतात. जवळ कोणी शिपाई उभा नसतो आणि दंडाची पावतीही कोणी फाडत नाही. ज्या माणसाला पुलावरच्या फलकाने अडवले नाही, तो ह्या बायांपुढे का थांबतो? पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्या संस्थांना लोक पाठबळ का देतात, ह्या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले असेल. आम्ही मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी गेली काही वर्षे दीड दिवसाच्या, पाचव्या दिवसाच्या, गौरीबरोबरच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनास घाटावर जाऊन उभे राहत आहोत.

हातांत घेतलेली फुले

पहिल्या वर्षी आमची अपेक्षा अशी होती की लोक नदीविषयी बोलतील. तसे बोलणारे थोडे भेटले, त्यांत तरुण अधिक. बहुसंख्य मंडळींची उत्तरे निराळी होती. सदाशिव पेठेतील एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, तर ते म्हणाले, "नदीचं मला फारसं कळत नाही हो. पण ह्या बाई फुलं दोन्ही हातांत घेतात. पायानं सारत नाहीत."

हे उत्तर ऐकून आम्ही चपापलो, आणि मग आम्ही त्या बायांच्या हातांकडे पाहू लागलो. आलेली पिशवी उघडावयाची, नारळ व फळे एका बाजूस काढावयाची, हार सोडवून दोरा वेगळा करावयाचा, थर्मोकोलचे नक्षीकाम, उदबत्तीची पुडकी, प्लास्टिकची पाने निराळी ठेवावयाची, आणि उरलेली फुले-पत्री खतासाठी ढिगावर ठेवावयाची. हे सारे सकाळपासून रात्रीपर्यंत, ढोलताशांच्या गजरात आणि पावसाच्या सरींत चालते. शेजारी निर्माल्य कलश ठेवलेला असतो, त्यातही लोक निर्माल्य टाकतात. पण समोर माणूस असेल तर लोक माणसाकडे वळतात, असे आमचे निरीक्षण आहे. निर्माल्य टाकणे आणि निर्माल्य देणे यांत फरक आहे, आणि भाविकाच्या मनाला तो फरक बरोबर कळतो. देणाऱ्यांपैकी काहीजण तर निर्माल्य हाती देऊन हात जोडतात. तो नमस्कार निर्माल्याला असतो की त्या बाईंना, हे आम्ही कोणाला विचारले नाही.

ह्या बाया कोण, हे पुणेकरांना ठाऊक असावयास हवे. पिढ्यान् पिढ्या उकिरड्यांवरून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणारा एक कष्टकरी वर्ग ह्या शहरात होता. त्यांत बहुतेक स्त्रिया, आणि त्याही बहुतेक दलित समाजातील. चोरीचा संशय, कुत्र्यांचे चावे आणि भंगारवाल्याचा मनमानी भाव ही त्यांची रोजची मिळकत. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठातील कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या पुढाकाराने ह्या स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. १९९६ साली महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्याच पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही संस्था जन्मली आणि २००८ साली घरोघरचा कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार करून ती कामास लागली. ह्या संस्थेचे मालक म्हणजे कचरा वेचणारे सभासदच. त्यांची संख्या आज तीन हजारांच्या वर आहे. घराघरातून ओला-सुका कचरा घ्यावयाचा, त्याबद्दल त्या घराने दरमहा ठराविक रक्कम थेट त्या कष्टकऱ्याच्या हाती द्यावयाची, आणि सुक्यातून निघालेला विकाऊ माल त्याने विकावयाचा, अशी ही साधी रीत आहे. जो माल पुन्हा वापरात जातो तो कचराडेपोवर जात नाही. तो डेपो ज्या गावांच्या शिवारात होता, त्यांतील एकाचे नाव उरुळी देवाची. देवाच्या नावाचे गाव शहराच्या उकिरड्याखाली गाडले गेले आणि तेथील ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली, तेव्हा कोठे आपल्या घरातील टोपली कोठे रिती होते याची पुण्याला जाग आली.

येथे आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती फारशी अभिमानाची नाही. आमच्या मातोश्रींचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. सोवळेओवळे त्यांनी हयातभर पाळले. आमच्या इमारतीत 'स्वच्छ'च्या मावशी येऊ लागल्या तेव्हा रोजचा कचरा देण्यास त्यांची हरकत नव्हती, परंतु देवाचे निर्माल्य त्या देईनात. फार आग्रह झाला तेव्हा परडी उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवून त्या चार पावले मागे सरत, आणि मावशी आल्या की ती उचलून नेत. एके दिवशी मावशी दाराशी थांबून म्हणाल्या, "आजी, हारातला दोरा आन् तार काढून ठेवत जावा, हाताला टोचती." आणि त्यांनी तळहात पुढे करून दाखविला.

मातोश्री काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजा उतरवताना त्या चष्मा लावून हारातील तारेचा एक-एक तुकडा काढीत बसलेल्या आम्ही पाहिल्या. तेव्हापासून परडी जमिनीवर ठेवली गेली नाही. १९२९ साली ह्याच पुण्यात पर्वतीच्या देवदर्शनासाठी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना सत्याग्रह करावा लागला होता आणि दगडांचा मार खावा लागला होता. ज्यांना देवाच्या पायरीवर येऊ दिले नाही, त्यांच्या लेकीसुनांच्या हाती आज आपल्या देवाचे निर्माल्य सुपूर्द होत आहे. ह्यावर भाष्य करण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटत नाही. मातोश्रींना कदाचित असेल.

एक दिवसाची भक्ती आणि बारा महिन्यांची

घाटावर निर्माल्य देणे सोपे आहे, वर्षातून एकदाच द्यावयाचे असते. दरमहा मावशींच्या हाती पैसे ठेवण्याची वेळ आली की मात्र पुण्यातील पुष्कळ सधन घरांतून घासाघीस सुरू होते. "महापालिकेला कर भरतो, मग हे वेगळे कशाला?" हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. मंडळाच्या वर्गणीची पावती न वाचता फाडणारी, मखराच्या सजावटीवर सढळ हाताने खर्च करणारी माणसेही ह्या प्रश्नात सामील असतात, म्हणून तो आम्हांस अधिक बोचतो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ह्या सेवाशुल्काला कायद्याचा आधार दिला, परंतु कायद्याचा दाखला देऊन मागितलेला पैसा आणि आपणहून दिलेला पैसा यांची चव वेगळी असते.

असे असता, ज्या प्रसंगाने आम्हांला खरोखर विचार करावयास लावले तो असा. २०२० चा तो टाळेबंदीचा उन्हाळा वाचकांच्या स्मरणात असेलच. रस्ते ओस पडले होते, देवळांची दारे बंद होती, माणूस माणसाच्या सावलीला भीत होता. त्या दिवसांतही सकाळी जिन्यात पावले वाजत, आणि तोंडाला फडके बांधलेल्या मावशी दाराशी येत. त्याच वर्षाच्या अखेरीस 'स्वच्छ'चा महापालिकेशी असलेला करार संपला, मुदतवाढीवर काम चालू लागले, आणि हे काम दुसऱ्या कोणास द्यावे काय याची चर्चा उठली. तेव्हा अनेक रहिवासी ह्या कष्टकऱ्यांच्या बाजूने पुढे आले. आम्ही आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना विचारले, की दर महिन्याला पाच-दहा रुपयांवरून वाद घालणारे तुम्ही, तुम्ही निवेदनावर सही कशी केली? ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, "अहो, एप्रिलमध्ये आमच्या दारी दुसरं कोण आलं होतं?"

निरनिराळी कारणे पुढे केली जातात, पण त्यांच्या तळाशी जाऊन पाहिले तर ओळख आणि प्रचीती ह्या दोनच गोष्टी आम्हांला दिसल्या. ज्या संस्थेचा माणूस आपल्या दाराशी येतो, जिचे काम डोळ्यांनी दिसते, ती संस्था आपली वाटते. उलटपक्षी प्रचीतीला तडा गेला की श्रद्धाही ढळते. काही वर्षांपूर्वी एका घाटावर आम्ही स्वतः पाहिले, की दिवसभर वेगळे काढून ठेवलेले निर्माल्य रात्री उशिरा एका गाडीत इतर केराबरोबरच भरले जात होते. गाडी कोणाची होती हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु तेथे उभ्या असलेल्या एका भगिनीने आपल्या यजमानांना हलकेच म्हटले, "पुढच्या वर्षी आपलं आपण झाडाला घालू." एका गाडीने दिवसभराच्या कष्टांवर पाणी पाडले. संस्थांनी लोकांकडून विश्वास मागावयाचा तर निर्माल्याचे पुढे काय झाले हेही लोकांस दाखवावयास हवे. झालेले खत मूठभर परत आणून दिले तरी पुरे.

पार्थिव

निर्माल्याची गोष्ट मूर्तीला अधिकच लागू पडते. आपण ज्याची पूजा करतो त्या व्रताचे नावच पार्थिव गणेशपूजन, म्हणजे पृथ्वीच्या मातीच्या गणेशाचे पूजन. चतुर्थीस प्राणप्रतिष्ठा करून त्या मातीत देवत्वाचे आवाहन करावयाचे आणि उत्तरपूजेच्या वेळी अक्षता वाहून, मूर्ती किंचित हलवून देवाला निरोप द्यावयाचा. त्यानंतर उरते ती माती, आणि मातीला मातीत जाऊ देणे म्हणजे विसर्जन. ज्या मूर्तीची माती होतच नाही तिचे विसर्जन पूर्ण झाले असे कसे म्हणावे? प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम; पाणी लागले की तो पुन्हा घट्ट होतो, विरघळत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पात्रात उघड्या पडलेल्या भग्न मूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगणे नको.

ह्या बाबतीत नियम पुष्कळ झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२० साली ती अधिक कडक केली; २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ह्या विषयाची महाराष्ट्रभर चर्चा झाली. परंतु लोकांच्या मनावर नियमांपेक्षा शब्दांचा परिणाम अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने काही दशकांपूर्वी 'विसर्जित गणपती दान करा' अशी मोहीम हाती घेतली. हेतूविषयी शंका नको. त्या मोहिमेमुळे शेकडो गावांत हा विषय प्रथम बोलला गेला. पण 'दान' ह्या शब्दाने अनेक भाविक घरे बिचकली. आमच्या मातोश्रींचाच प्रश्न होता, "देव का कुणाला दान द्यायचा असतो?" हौदातील विसर्जन मात्र त्यांनी विनातक्रार स्वीकारले, कारण तेथे विधी अपुरा राहत नव्हता. अलीकडच्या वर्षांत मानाच्या गणपतींचे विसर्जनही नदीकाठच्या हौदांत होऊ लागले, तेव्हा तर कित्येक घरांतील उरलासुरला संकोच गेला. ग्रामदैवत कसबा गणपतीला जे चालते ते आपल्या घरच्या गणपतीला का चालू नये, असा तो सरळ हिशेब. २०२० साली मिरवणूकच निघाली नाही. मानाचे गणपती मांडवातच विसर्जित झाले आणि घरोघरी बादलीत विसर्जन करावे लागले. आमच्या घरी त्या वर्षी बादलीभोवती सारे कुटुंब बसले होते. घाटावरच्या गर्दीत मूर्ती क्षणात दिसेनाशी होते. येथे मात्र सोंड, कान, मोदकाचा हात हळूहळू पाण्यात उतरताना नातवाने पाहिले, आणि तो जो गप्प बसला तो रात्री जेवणापर्यंत बोलला नाही.

ज्यांनी प्लास्टरची मूर्ती आणली त्यांनाही शास्त्रज्ञांनी वाऱ्यावर सोडलेले नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची रीत शोधली, आणि २०१६ पासून महापालिकेने ती पूड नागरिकांना देण्यास आरंभ केला. बेकरीत बिस्किटे फुगविण्यास वापरतात तीच ही पूड. दोनएक दिवसांत मूर्ती विरघळते, तळाशी चुन्यासारखा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट म्हणजे झाडांचे खत उरते. गणरायाला विद्येची देवता म्हणतात, तेव्हा प्रयोगशाळेतील ही सेवाही त्याच्याच चरणी रुजू झाली असेल.

शाडूची माती वापरली की सारे झाले, असे मात्र समजू नये. ती माती बव्हंशी गुजरातेतून येते, जमीन खोदून काढावी लागते, आणि लाखो मूर्तींचा गाळ हौदात वा नदीत साचला तर तोही कोणी तरी उपसावाच लागतो. म्हणून 'ईकोएक्झिस्ट' ह्या पुण्यातील संस्थेने 'स्वच्छ', 'जीवितनदी' आणि इतर संस्थांना बरोबर घेऊन 'पुनरावर्तन' नावाचा उपक्रम सुरू केला. घरी विसर्जन केलेल्या मूर्तीची माती सुकवून संकलन केंद्रावर द्यावयाची, आणि ती मूर्तिकारांकडे परत जाऊन पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी वापरली जावयाची. निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर या अशी विनवणी आपण दरवर्षी करतो. तीच माती पुन्हा घडून येणार ही कल्पना त्या विनवणीशी अशी जुळून आली की मोठाले फलक जे करू शकले नाहीत ते ह्या एका नावाने केले. 'जीवितनदी'च्या कार्यकर्त्यांचीही रीत अशीच. विठ्ठलवाडीला विठुरायाच्या मंदिराजवळ मुठेच्या काठी ही मंडळी रविवारी सकाळी नेमाने जमतात आणि काठ साफ करतात. आधी दर्शन घेऊन मग पोते हाती घेणारे काही वारकरी वळणाचे लोकही आम्ही तेथे पाहिले.

धर्मभावना आणि निसर्गरक्षण यांची ही सोयरीक आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्याच संशोधन संस्थांतील वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. वर भोर, मुळशी, मावळच्या डोंगरांत देवाच्या नावाने राखलेली ही रानं. काठी तोडली तर देव कोपेल, हा धाक. परंतु ह्या अभ्यासकांना असे दिसून आले की अनेक ठिकाणी त्याच राईतून गावाचा झरा निघतो, आणि राई गेली तर झरा जाईल हे गावकऱ्यांना पक्के ठाऊक असते. धाक आणि शहाणपण तेथे एकाच झाडाच्या सावलीत बसलेले असतात. हिमालयातील रैणी गावच्या स्त्रियांनी १९७४ साली झाडांना मिठी मारली तेव्हा तेही रान त्यांच्या पाण्याचे, सरपणाचे, माहेरासारखे होते. शहरात राहणाऱ्या आपल्याला असा झरा दाखविता येत नाही. नळ फिरवला की पाणी येते, आणि नदी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्यापुरती आठवते. झऱ्याच्या जागी आपल्याकडे दाराशी येणारी मावशी आहे.

यंदाही आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती आहे. मूर्ती मागील वर्षीच्या मातीची, वीतभर उंचीची. तिच्या पाठीवर एक बारीकसा तडा आहे, तो मूर्तिकाराने लपविलेला नाही. बादली धुऊन ठेवली आहे. माती सुकविण्याचे पसरट ताट मातोश्रींनी माळ्यावरून काढविले आहे. दोरा आणि तार त्या रोज काढतात. नातू त्यांच्या शेजारी बसून पत्रींतून दूर्वा वेगळ्या करतो, त्याची गरज नसली तरी.

अनंत चतुर्दशीला मावशींची पाळी घाटावर आहे, रात्री फार उशीर होणार, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी यायला अकरा वाजतील, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. मातोश्रींनी त्यांच्या नावाचे पाच मोदक वेगळे काढून ठेवण्यास आम्हांस बजावले आहे.